रिझर्व्ह

१९७२ साली ‘चेतक’ स्कूटर आली आणि आमच्यासारख्यांच्या घरात ‘रिझर्व्ह’ हा शब्द शिरला. मोटारसायकलवाल्यांना तो आधीपासून ठाऊक होता. बँकेत कारकुनी करूनही मला वाटे, रिझर्व्हची टाकी वेगळी असते! छे, टाकी एकच. आत उभी नळी. पेट्रोल तिच्या तोंडाखाली गेलं की गाडी गचके देते. कॉक फिरवला की तळाजवळचं भोक उघडतं. थोडक्यात, खातं तेच, हा फक्त मिनिमम बॅलन्स!

एकदा तापानं फणफणलेल्या पोराला नाशिकच्या डॉक्टरांना दाखवून सिन्नरला परतत होतो. मोहदरी घाटात वडिलांची जुनी चेतक बंद पडली. ऐटीत सीटखालच्या कॉककडे हात नेला, तर तो आधीच रिझर्व्हवर! मागच्या खेपेला पेट्रोल भरून कॉक ‘ऑन’वर आणायचा राहिला होता. गाडी ढकलत कसाबसा पंप गाठला. खिसाही रिकामा! सौ.नं निमूटपणे पदराची गाठ सोडली.

२०२० साली बीएस-सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कॉक गेला. आता काटा आणि दिवा सांगतो. आमच्या घरातला रिझर्व्ह मात्र शाबूत आहे. त्याचा कॉक कुठं आहे, ते सौ.नं अजून सांगितलेलं नाही.