मोडलेल्या विमानांचा हिशेब

जपानचे ‘झिरो’ विमान सगळ्यांना ठाऊक असते. १ एप्रिल १९३९ रोजी ते पहिल्यांदा उडाले आणि पॅसिफिक युद्धाच्या सुरुवातीच्या काळात तिथल्या आकाशावर त्याची सत्ता होती. त्याआधीच्या बारा वर्षांत जपानी कारखान्यांनी डझनभराहून अधिक प्रायोगिक लढाऊ विमाने बांधली. त्यातली बरीचशी सैन्याने नाकारली आणि काही हवेतच मोडली. जपानला विमानरचना कशी साधली, याचे उत्तर मला झिरोपेक्षा या नापास विमानांत सापडते. आपल्या देशाच्या विमानविद्येकडे पाहतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो.

प्रायोगिक विमान कशासाठी बांधतात, ते आधी स्पष्ट केले पाहिजे. आराखड्यातले गणित कोणत्या मर्यादेपर्यंत खरे आहे, ते शोधण्यासाठी ते असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या हथखोजच्या अवजड उद्योग वसाहतीत ज्याने काम केले आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. पोलादाचा तुकडा ताणयंत्रात धरून तुटेपर्यंत ओढतात. तो कोणत्या भाराला आणि कसा तुटला, हे कळल्यावरच बाकीचा माल विश्वासाने वापरता येतो. विमानाचा पंखही असाच जमिनीवर भार चढवून मोडून पाहता येतो. पण उंचावरून सूर मारताना शेपटीवर येणारा ताण किंवा गिरकीत सापडल्यावर सुकाणूचे वागणे यांचा नेमका अंदाज त्या काळी जमिनीवर बांधता येत नसे. त्यासाठी वैमानिकाला वर जावे लागे.

सुरुवात परक्या गुरूंपासून झाली. १९१९ मध्ये फ्रेंच पथक जपानी लष्कराला शिकवायला आले. १९२१ मध्ये सेम्पिल यांचे ब्रिटिश पथक नौदलासाठी कासुमिगाउरा येथे उतरले. त्याच वर्षी मित्सुबिशीने सॉपविथ कंपनीतून आलेल्या हर्बर्ट स्मिथ यांच्याकडून विमानवाहू जहाजावरचे लढाऊ विमान रचून घेतले. कावासाकीने १९२३ मध्ये रिचर्ड फोग्ट या जर्मन अभियंत्याला बोलावले आणि दहा वर्षे ठेवून घेतले. या काळात ताकेओ दोई हा तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला. फोग्ट १९३३ मध्ये मायदेशी परतले. १९३५ मध्ये लष्कराने स्वीकारलेले कि-१० हे द्विपंखी विमान दोईंचे होते. गुरू गेल्यावर काम थांबले नाही, ही या व्यवस्थेची पहिली कसोटी होती आणि ती पार पडली.

दुसरी कसोटी स्पर्धेची. १९२७ मध्ये लष्कराने फ्रेंच न्यूपोर विमानाच्या जागी नवे लढाऊ विमान मागवले. मित्सुबिशी, कावासाकी आणि नाकाजिमा यांनी आपापले नमुने उडवले. १९२८ मध्ये सूर मारण्याच्या चाचणीत मित्सुबिशीचे विमान हवेतच फुटले आणि वैमानिक हवाई छत्रीने वाचला. लष्कराने तिन्ही आराखडे बळकटीच्या कारणावरून नाकारले. इथे प्रकल्प गुंडाळला गेला असता तर कुणालाच काही मिळाले नसते. नाकाजिमाने मात्र आपला नमुना हाती ठेवून सुधारला आणि १९३१ मध्ये तोच प्रकार ९१ म्हणून सेवेत आला. परदेशातून तयार विमान विकत घेतले असते तर हा चार वर्षांचा काळ वाचला असता, हे खरे. पण पंख कुठून फाटतो हे ज्ञान तयार विमानासोबत मिळत नाही.

नौदलाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या प्रायोगिक योजनांना सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षाचा क्रमांक असे. सातव्या वर्षाच्या, म्हणजे १९३२ च्या योजनेसाठी मित्सुबिशीने जिरो होरिकोशी या तरुण अभियंत्याकडे काम सोपवले. आधी कंपनीने त्यांना जर्मनी आणि अमेरिकेतले कारखाने पाहायला पाठवले होते. द्विपंखी विमानांच्या काळात त्यांनी बाहेरचे आधारदांडे नसलेले, खालच्या पंखाचे एकपंखी विमान रचले. दोन नमुने बांधले गेले. पहिल्याची उभी शेपटी सूर मारताना मोडली, दुसरा गिरकीत सापडून कोसळला. वेगही अपेक्षेपेक्षा कमीच होता. कोणत्याही लेखापरीक्षकाने या खर्चापुढे लाल शेरा मारला असता.

दोन वर्षांनी, १९३४ च्या योजनेत, काम पुन्हा त्याच माणसाकडे आले. मला हा निर्णय त्या सगळ्या कालखंडातला सर्वांत शहाणा वाटतो. नौदलाने आणखी एक गोष्ट केली: जहाजावर उतरण्याच्या सोयींची अट मागणीपत्रात घातली नाही. एकाच वेळी सगळे मागितले की आराखडा अडखळतो, हे त्यांनी ओळखले होते. होरिकोशींनी पंख पातळ केला, आणि रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवून पृष्ठभाग गुळगुळीत केला. मागणी ताशी ३५० किलोमीटरची होती. ४ फेब्रुवारी १९३५ रोजी उडालेल्या या विमानाने चाचण्यांत ४४० च्या वरचा वेग गाठला. पहिल्या नमुन्याचा पंख मुळाशी खाली वाकवून मग वर वळवलेला होता. त्याने स्थिरतेच्या अडचणी दाखवल्या, म्हणून दुसऱ्या नमुन्यात पंखाचा मधला भाग सरळ केला. यातूनच ए५एम हे विमान १९३६ मध्ये नौदलात आले. १९३७ पासून चीनवर लादलेल्या युद्धात ते वापरले गेले आणि चिनी शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्या ताफ्यांचे रक्षण त्याने केले. या विद्येचा वापर कशासाठी झाला, हे तिचे कौतुक करताना विसरता येत नाही.

लष्करी विमानांच्या बाबतीत निवड नेहमीच शहाणपणाची होती असे मात्र नाही. नाकाजिमाचे कि-११ हे एकपंखी विमान कि-१० पेक्षा वेगवान होते. तरी चपळपणे वळणाऱ्या द्विपंखी विमानालाच पसंती मिळाली. पुढच्या स्पर्धेत कावासाकीचे कि-२८ सर्वांत वेगवान ठरले आणि चपळ कि-२७ जिंकले. वळण्याच्या या मोहाची किंमत जपानने पुढे मोजली. पण या स्पर्धांतून मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. कि-२७ च्या हवागतिकीवर काम केलेले हिदेओ इतोकावा युद्धानंतर जपानच्या अग्निबाणविद्येचे जनक झाले.

एक उणीव शेवटपर्यंत राहिली, ती इंजिनाची. नाकाजिमाचे ‘कोतोबुकी’ इंजिन ब्रिटिश ज्युपिटरच्या परवान्यातून वाढले. दोईंच्या कि-६१ मध्ये परवान्यावर बनवलेले जर्मन इंजिन होते आणि रणभूमीवर त्यानेच दगा दिला. सांगाडा मोडून शिकण्याची सवय लागलेल्या देशाला इंजिन जाळून शिकण्याइतकी सवड मिळाली नाही.

आता आपल्याकडे वळू. ग्योटिंगेनचे हवागतिकीतज्ज्ञ प्रांटल यांच्या हाताखालचे कार्ल वीझेल्सबेर्गर १९२० च्या दशकात जपानी नौदलाला वातबोगद्याचे शास्त्र शिकवायला गेले होते. त्याच प्रांटल यांच्याकडे १९३६ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली विष्णु माधव घाटगे यांनी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूच्या या मराठी माणसाने. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळुरात विमान कारखाना काढला आणि घाटगे तिथे आले. त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. मग पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये किरण. साध्यापासून अवघडाकडे जाणारी ही मालिका आपल्या विमानविद्येतली सर्वांत निरोगी वाट होती, असे माझे मत आहे.

लढाऊ विमानासाठी मात्र आपण एकदम मोठी उडी घेतली. सोव्हिएत अभियंते भिलाईची पहिली झोतभट्टी उभी करत होते, त्याच वर्षांत जर्मन अभियंते कुर्ट टांक बंगळुरात एचएफ-२४ मरुत रचत होते. तयारी चोख होती. पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये उडवून हवेतले वागणे तपासले गेले आणि जून १९६१ मध्ये मरुत उडाले. सांगाडा उत्तम होता. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर गणित बेतले होते, त्याच्या विकासाचा खर्च उचलायला आपले सरकार तयार झाले नाही आणि ते इंजिन आलेच नाही. कमी ताकदीच्या इंजिनावर मरुतला सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडता आला नाही. १० जानेवारी १९७० रोजी वाढीव जोराचे इंजिन बसवलेल्या नमुन्याच्या अपघातात चाचणी वैमानिक सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. १४७ मरुत बनली आणि मालिका तिथेच संपली.

जपानमध्ये एका नापास नमुन्यानंतर दोन-तीन वर्षांत दुसरा उभा राहत होता आणि तेच हात त्यावर काम करत होते. आपल्याकडे मरुतच्या पहिल्या उड्डाणानंतर नव्या आराखड्याचे लढाऊ विमान उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी: तेजस. मधल्या चाळीस वर्षांत एक अख्खी पिढी निवृत्त झाली. दासांचा अपघात हा आपल्या विद्येला बसलेला धक्का होता. पण तिचा कणा मोडला तो त्यानंतरच्या रिकाम्या वर्षांनी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात तयार झालेले तेजस एमके-१ए उडाले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे योग्यच आहे. त्याचे इंजिन अमेरिकन आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले कावेरी इंजिन अजून कोणत्याही लढाऊ विमानात सेवेत नाही. पुढचा पैसा इंजिनांच्या चाचणीकेंद्रांवर आणि लहान, स्वस्त, नापास होण्याची मुभा असलेल्या नमुना विमानांवर खर्च व्हावा, आणि पहिला नमुना मोडला म्हणून अभियंत्यांची तुकडी मोडली जाऊ नये.