गेम कन्सोलचे वायफाय सारखे तुटते? दुरुस्तीला देण्याआधी हे तपासा

हुबळी : मोबाईलवर व्हिडिओ नीट चालतो, टीव्हीही चालतो, फक्त प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्सच ऑनलाइन गेममधून मधेच बाहेर फेकतो. नवनगरसारख्या दाट वस्तीत ही तक्रार नवी नाही. मग ‘मशीनचे वायफाय कार्ड गेले’ म्हणून कन्सोल दुरुस्तीला जातो किंवा नवा राउटर घरात येतो. दोन्हीत पैसे जातात, दोष मात्र बऱ्याचदा तिसरीकडेच असतो.

व्हिडिओ थोडा पुढचा भाग आधीच साठवून घेतो, त्यामुळे एक-दोन सेकंद नेट गेले तरी कळत नाही. गेममध्ये तशी सवलत नाही. ‘मोबाईलवर चालतंय की’ हा त्यामुळे पुरावा होत नाही.

सुरुवात गेम कंपनीच्या सर्व्हिस स्टेटस पानापासून करावी. फेब्रुवारी 2025 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क जगभरात सुमारे 24 तास बंद होते, 2011 मध्ये तर तीन आठवड्यांहून जास्त. अशा दिवशी राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही.

तिथे सगळे ठीक असेल तर राउटरपासून कन्सोलला लॅन केबल जोडून तासभर खेळावे. केबलवर गेम सुरळीत चालला तर दोष घरातल्या वायफायचा. केबलवरही तुटला तर कन्सोलचे वायफाय कार्ड सुटले, गडबड राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाईनवर आहे. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या मॉडेलच्या डॉकला लॅनची जागा नाही, त्याला यूएसबी अडॅप्टर लागतो.

वायफायच दोषी ठरले तर आधी बँड पाहावा. 2.4 गिगाहर्ट्झचा बँड लांब पोचतो, पण तिथे शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांची गर्दी. 5 गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंत आणि स्लॅब ओलांडताना तो दमतो. खाली राउटर आणि माडीवर कन्सोल असेल तर हा फरक लगेच जाणवतो. 2013 मध्ये आलेल्या पहिल्या पीएस4 ला 5 गिगाहर्ट्झ पकडताच येत नाही, स्लिम आणि प्रोला येतो. दोन्ही बँडना राउटरमध्ये वेगळी नावे द्यावीत, म्हणजे कन्सोल इकडून तिकडे उड्या मारत नाही. 2.4 वरच राहावे लागले तर चॅनल 1, 6 किंवा 11 पैकी जो मोकळा असेल तो ठेवावा.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गेम साठवायला लावलेली यूएसबी 3.0 ची हार्डडिस्क आणि तिची केबल 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करते. डिस्क काढून खेळून पाहावे. फरक पडला तर ती लांब ठेवावी किंवा चांगली शील्ड असलेली केबल घ्यावी. राउटर टीव्हीमागे किंवा शोकेसमध्ये कोंबलेला असेल तर तोही बाहेर काढावा.

आता लाईटचे. हेस्कॉमचे मुख्यालय नवनगरातच आहे, पण वळवाच्या वाऱ्यात लाईट इथेही जाते. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात कन्सोल कधी तगतो, राउटर मात्र रीस्टार्ट होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटे नेट नसते. खेळणाऱ्याला वाटते वायफाय तुटले. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावला की हा त्रास संपतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा, व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो.

नेट आहे, पण मित्रांबरोबर पार्टी जुळत नाही, आवाज जात नाही, अशी तक्रार असेल तर कन्सोलच्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅट टाइप पाहावा. प्लेस्टेशनवर टाइप 3 किंवा एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट आला तर राउटरमध्ये यूपीएनपी चालू करावे. घरात दोन राउटर एकामागे एक असतील तर दुसरा ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावा. तरीही सुटले नाही तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता बघावा. तो 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. घरात काहीही फिरवून हे बदलत नाही, कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागावा लागतो, त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात.

केबलवरही नेट तुटत असेल तर तुटल्याच्या वेळा दोन-तीन दिवस लिहून ठेवाव्यात आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्यावा. ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले तर लाईनमन येतो, मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि जातो. त्याला केबलवर जोडलेला कन्सोल आणि वेळांचा कागद दाखवावा. तक्रार सुटली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.