‘विट’ : एका शब्दावरील कलह

इंग्रजी समीक्षेच्या इतिहासात ‘विट’ या शब्दाइतका झगडा फार थोड्या शब्दांवरून झाला असेल. कोशात त्याचे अर्थ क्रमांकाने मांडलेले असतात आणि त्यामुळे ते एकामागून एक निमूटपणे येऊन बसले असावेत असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत या शब्दाच्या ज्या व्याख्या केल्या गेल्या त्यांपैकी बहुतेक रूढ वापराचे वर्णन करण्यासाठी नव्हत्या. शब्द आपल्या पक्षाकडे ओढून घेण्यासाठी होत्या. काव्य ज्या शक्तीतून निर्माण होते तिचा ज्ञानाशी काही संबंध आहे की नाही, हा त्या ओढाताणीतील खरा प्रश्न होता.

शब्दाचे मूळ ज्ञानातच आहे. प्राचीन इंग्रजीत ‘विट’ म्हणजे मन, समज. ‘विटान’ म्हणजे जाणणे. संस्कृतातील ‘विद्’ हा धातू आणि हा शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले असल्याने ‘विद्या’ आणि ‘वेद’ हे त्याचे सगोत्र ठरतात. (संस्कृत नाटकातील विटाशी मात्र त्याचे नाते उच्चारापुरतेच आहे, स्वभावसाम्य पाहून कोणाला व्युत्पत्तीचा मोह झाला तर नवल नाही.) साक्षीदाराला इंग्रजीत ‘विटनेस’ म्हणतात ते या ज्ञानार्थामुळेच. शेक्सपिअरच्या 141व्या सुनीतात पाच ‘विट्स’ आणि पाच ज्ञानेंद्रिये यांचा निरनिराळा उल्लेख येतो. तेथे ‘विट्स’ म्हणजे अंतःकरणाच्या शक्ती होत.

सोळाव्या शतकात या शब्दावर लॅटिन ‘इंजेनियम’चा, म्हणजे जन्मजात बुद्धिसामर्थ्याचा, भार पडला. रॉजर अ‍ॅस्कमने 1570 मधील ‘द स्कूलमास्टर’मध्ये विद्यार्थ्यांच्या शीघ्र आणि मंद ‘विट’ची चर्चा केली ती याच अर्थाने. फिलिप सिडनीच्या 1595 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यसमर्थनात ‘विट’ला याहूनही उंच स्थान आहे. पूर्णत्व म्हणजे काय हे माणसाला ‘विट’मुळे कळते, दूषित झालेली इच्छाशक्ती मात्र त्याला तेथवर पोचू देत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. विनोदाचा येथे मागमूसही नाही.

फाटाफूट झाली ती सतराव्या शतकाच्या मध्यापासून. हॉब्जने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’च्या आठव्या प्रकरणात साम्य पाहणारी कल्पना आणि भेद पाहणारा विवेक अशी विभागणी केली, काव्याला दोन्ही हवेत, पण कल्पनेचे पारडे जड असावे, असे त्याने म्हटले. लॉकने 1690 मध्ये हीच विभागणी घेतली आणि तिचे स्वरूप पालटले. त्याच्या मते ‘विट’ कल्पनांची झटपट जुळणी करून रम्य चित्रे उभी करते. विवेक बारकाईने भेद करतो. सत्याचा शोध दुसऱ्या मार्गाने लागतो, रूपकाच्या मार्गाने नव्हे. ज्ञानवाचक शब्द ज्ञानाच्या विरुद्ध बाजूला उभा केला गेला तो येथे. रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिणाऱ्या टॉमस स्प्रॅटची भूमिका अधिक गुंतागुंतीची होती. 1667 मध्ये त्याने अलंकारप्रचुर भाषेवर टीका केली, उपहास करणाऱ्या ‘विट्स’चे भयही व्यक्त केले, आणि त्याच वेळी प्रयोगांतून कवींना नव्या प्रतिमा मिळतील असे आश्वासनही दिले.

तोवर ‘विट’ हे शक्तीचे नाव न राहता माणसाचेही नाव झाले होते. पुनःस्थापित राजसत्तेच्या दरबारातील रॉचेस्टर, सेडली यांच्यासारखे उमराव आणि विल्सच्या कॉफीगृहात ड्रायडनभोवती जमणारे लेखक हे सारे ‘विट्स’. या मंडळींच्या स्वैर वागण्याचे माप शब्दाच्याही पदरात पडले. सर रिचर्ड ब्लॅकमोरने 1699 मध्ये ‘विट’विरुद्ध एक उपहासकाव्यच लिहिले आणि खोटी ‘विट’ वितळवून नवी नाणी पाडावीत, त्यासाठी पेढी काढावी, अशी सूचना केली. 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली होती आणि 1696 मध्ये झिजलेल्या चांदीच्या नाण्यांची पुनर्घडण सुरू झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे रूपकाची धार कळते.

ड्रायडनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1667 मध्ये ‘अ‍ॅनस मिराबिलिस’च्या प्रस्तावनेत त्याने ‘विट’ला स्मृतीच्या रानात सावज हुडकणाऱ्या चपळ कुत्र्याची उपमा दिली. दहाच वर्षांनी त्याने विचार आणि शब्द यांचे औचित्य अशी तिची व्याख्या केली. ही व्याख्या खरी मानली तर युक्लिडच सर्वांत थोर ‘विट’ ठरेल, असा टोला अ‍ॅडिसनने 1711 मध्ये ‘स्पेक्टेटर’मधून मारला. टोला अचूक असला तरी ड्रायडनचा हेतू त्यातून निसटतो. शब्दाच्या वापराची नोंद करण्याऐवजी, विवेकापासून तोडल्या गेलेल्या शब्दाला तो पुन्हा विवेकाशी जोडू पाहत होता.

त्याच वर्षी पोपचे ‘अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम’ निघाले. 744 ओळींच्या या काव्यात ‘विट’ चाळीसहून अधिक वेळा येते: कधी बुद्धी, कधी कवी, कधी निर्मितिशक्ती, कधी नुसती चमत्कृती. ज्यांना दैवाने विपुल ‘विट’ दिली त्यांना ती आवरण्यासाठी तेवढीच आणखी लागते, असे तो म्हणतो तेव्हा एकाच वाक्यात शब्द दोन टोकांना टेकतो. लॉकने विभक्त केलेल्या दांपत्याला पोप एकाच घरात नांदवतो. पुढे 1755 च्या जॉन्सनच्या कोशातही कल्पना आणि विवेक हे दोन्ही अर्थ या एका शब्दाखाली नोंदलेले आहेत. खुद्द जॉन्सनला मात्र पोपची व्याख्या पटली नव्हती. तिच्यामुळे ‘विट’ विचाराच्या बळावरून भाषेच्या सफाईवर उतरते, ही त्याची 1779 मधील काउलीचरित्रातील तक्रार आजही विचारात घ्यावी लागते.

कोलरिजने 1817 मध्ये कवीच्या शक्तीसाठी ‘इमॅजिनेशन’ला सिंहासनावर बसवले आणि ‘विट’कडे करमणुकीचा प्रांत राहिला. 1880 मध्ये मॅथ्यू आर्नल्डने ड्रायडन व पोप यांचे काव्य ‘विट्स’मध्ये जन्मते, खरे काव्य आत्म्यात, असा निवाडा दिला. सिडनीच्या शब्दानेच सिडनीच्या वारसांना काव्याबाहेर काढले. एलियटने 1921 मध्ये मार्व्हेलवरील निबंधात शब्दाची पुनःस्थापना केली; परंतु एका अनुभवात इतर संभाव्य अनुभवांची जाण ठेवणे हा त्याने दिलेला अर्थही पुन्हा एका पक्षाचाच आहे.

एम्प्सनने 1951 मध्ये पोपच्या काव्यात हा शब्द कोठेही आला तरी विनोदाची छटा पूर्णपणे लोपत नाही असे दाखवले. 1960 मध्ये सी. एस. लुइसने ‘विट’वरील आपल्या प्रकरणात उलट बाजूने सावध केले: आजचा प्रबळ अर्थ जुन्या संहितेत नकळत शिरतो आणि वाक्य सुरळीत लागल्यामुळे वाचकाला चूक झाल्याचे कळतही नाही. पोपच्या बाबतीत एम्प्सनचे वाचन अधिक समृद्ध आहे. सिडनीच्या बाबतीत लुइसचा इशारा पाळलाच पाहिजे.

मराठीत अध्यापन करताना ‘विट’साठी ‘वाक्चातुर्य’, ‘वैदग्ध्य’, ‘कोटी’ असे प्रतिशब्द योजले जातात. पहिल्याने शब्द वाणीपुरता उरतो. ‘वैदग्ध्य’ कुंतकाने वक्रोक्तीच्या व्याख्येत योजलेले असल्याने काव्याच्या जवळचे आहे. पण त्यात कौशल्याचा अर्थ प्रधान, ज्ञानाचा नव्हे. ‘कोटी’ सर्वांत हलका वाटतो, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनंतर तर शब्दखेळापलीकडे त्याचा विचारही होत नाही. तथापि वादातील पक्ष हा ‘कोटी’चा जुना शास्त्रीय अर्थ आहे आणि ‘कोटिक्रम’ या शब्दात तो मराठीत अजून शिल्लक आहे.