धरणाला टेकू मिळाला, घरांचं काय?

दरवर्षी ३० सप्टेंबर आला की किल्लारीच्या आठवणींच्या पोस्ट फिरू लागतात. त्याखाली एक वाक्य हमखास असतं: निसर्गापुढे कुणाचं काय चालणार? दुःखात माणूस असं म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. इतिहास म्हणून मात्र ते वाक्य मला मान्य नाही. दगडमातीचं घर भूकंपात कसं तगवायचं हे १९९३ साली माहीत होतं. आपल्याच देशात, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालं होतं. ते किल्लारीच्या गवंड्यापर्यंत पोचलं नाही. का पोचलं नाही, त्याची ही गोष्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात आजच्या पाकिस्तानातून करावी लागते. १९३१ साली बलुचिस्तानात मोठा भूकंप झाला आणि रेल्वेच्या इमारतींचं नुकसान झालं. एस. एल. कुमार नावाच्या रेल्वेच्या तरुण इंजिनियरवर नवी क्वार्टर्स बांधायची जबाबदारी आली. त्यांनी भूकंपाचा आडवा धक्का हिशोबात धरून घरं बांधली आणि १९३३ साली त्यावर निबंध लिहिला. भारताचा भूकंपप्रवण भागांचा एक नकाशाही त्यात होता. दोनच वर्षांनी, ३१ मे १९३५च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं. मृतांचा आकडा ३०,००० किंवा त्याहून जास्त सांगतात. कुमारांच्या पद्धतीने बांधलेली रेल्वे क्वार्टर्स मात्र उभी राहिली. म्हणजे काय करायचं याचा पुरावा फाळणीच्याही आधी हातात होता.

स्वातंत्र्यानंतर हे काम रूरकीला गेलं. प्रा. जय कृष्ण यांनी तिथे भूकंप अभियांत्रिकीचा पाया घातला आणि १९६० साली त्यासाठी वेगळी संस्था उभी राहिली. १९६२ साली आयएस १८९३ ही पहिली भूकंप संहिता आली (१८९३ हे साल नाही, मानकाचा क्रमांक आहे). रूरकीतलं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे रेल्वेच्या वाघिणीवरचे प्रयोग. रुळांवर एक वाघीण उभी करायची, तिच्यावर विटामातीचं खरंखुरं छोटं घर बांधायचं आणि दुसरी वजनदार वाघीण आणून तिला धडकवायची. कुठलं घर पडतं, कुठलं टिकतं ते डोळ्यांनी पाहायचं. निष्कर्ष अगदी साधा निघाला. दार-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळ्यांचा पट्टा घातला तर भिंती एकमेकींना धरून ठेवतात. घराला तडे जातात, पण ते माणसांच्या अंगावर येत नाही.

घरांच्या भूकंपरोधक बांधकामाचं मानक, आयएस ४३२६, निघालं १९६७ साली. आणि त्याच वर्षी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयना हादरली.

कोयनेचा परिसर तोवर कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. दख्खनचं पठार म्हणजे पक्कं, हलायचं नाही, असा समज होता. भूकंपाची तीव्रता होती ६.३ ते ६.६ च्या दरम्यान. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकलं. ते फुटलं असतं तर काय झालं असतं, हे सातारा-सांगलीकरांना सांगायची गरज नाही.

सुदैवाने धरणाच्या आतल्या गॅलरीत जमिनीचा धक्का मोजणारं यंत्र चालू होतं. धरणाचा आराखडा करताना आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरला होता. यंत्राने नोंदवला तो नदीच्या दिशेने सुमारे ४९ टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के. म्हणजे दहापट किंवा जास्त! बर्कलेचे प्रा. अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी ती नोंद घेऊन धरणाचं गणित पुन्हा मांडलं. जुन्या हिशोबात धरण एखाद्या ठोकळ्यासारखं सरसकट ढकललं जातं असं धरलेलं असे. प्रत्यक्षात ते काठीसारखं डोलतं आणि वरचा भाग जास्त झोके घेतो. त्यामुळे मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या मानेपाशी ताण सगळ्यात जास्त येतो. कोयनेच्या भेगा नेमक्या तिथेच होत्या. आज जगभर धरणाच्या काँक्रीटला भेग कशी जाते याचं गणित तपासायचं असलं की कोयनेचं उदाहरण सोडवतात.

त्यानंतर काय झालं? धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू बांधले गेले. देशाचा भूकंप नकाशा बदलला आणि १९७०च्या आवृत्तीत कोयना चौथ्या विभागात गेली. शास्त्रज्ञांनी शिवाजीसागराचं पाणी आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. हे सगळं उत्तमच झालं. पण यात धरण होतं, नकाशा होता, जलाशय होता. पठारावरच्या लाखो दगडमातीच्या घरांचं काय, हा प्रश्न मागे राहिला.

माझ्या मते याचं कारण सरळ आहे. धरणाला मालक असतो, इंजिनियर असतो, बजेट असतं. गावातलं घर बांधतो गवंडी, आपल्या वडिलांकडून शिकलेल्या पद्धतीने. त्याच्याकडे नकाशा नाही, संहिता नाही. अभियांत्रिकीच्या भाषेत अशा घरांची ओळखच 'इंजिनियरशिवाय बांधलेली' अशी आहे. संशोधकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती असंही नाही. १९८६ साली आंतरराष्ट्रीय समितीने खास अशा घरांसाठी सचित्र मार्गदर्शिका काढली. समितीचे प्रमुख होते रूरकीचेच प्रा. आनंद स्वरूप आर्य. तिच्या आधारे तयार झालेलं कच्च्या दगडी बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३८२८, प्रसिद्ध झालं १९९३ साली.

होय, १९९३. मानक आलं आणि किल्लारीही झाली.

लातूर-धाराशिवचा हा भाग तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीत हादरे बसत होते, तरीही. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना जमीन हलली. तीव्रता ६.२ ते ६.४, मृत्यू जवळपास ८,०००. तुलनेसाठी सांगतो, १९८९ साली कॅलिफोर्नियात ६.९ चा भूकंप झाला, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात कित्येक पट मोठा, आणि त्यात ६३ माणसं गेली. तिथे तो संध्याकाळी झाला, इथे पहाटे, हा फरक धरावाच लागेल. पण फक्त वेळेने एवढी तफावत पडत नाही.

माणसं मेली ती भिंतींखाली आणि माळवदाखाली. मराठवाड्यातल्या त्या रुंद भिंती दिसायला किल्ल्यासारख्या. पण त्या दुपदरी. बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा, मधे चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही पदर फुगून सुटे होतात. वर माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचा भार. बऱ्याच घरांत खणाचे लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा आपला समज तिथे जीवघेणा ठरला.

यावर मानकात काय उपाय होता? दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड, म्हणजे दोन पदर एकमेकांना बांधले जातात. आणि दाराच्या वरच्या पातळीवर तो सलग पट्टा. लांब दगड, थोडं सिमेंट, काही सळ्या. बस. यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नव्हतं.

पुनर्वसनात हे सगळं केलं गेलं, हेही सांगायला हवं. ५२ गावं नव्याने वसली. जुन्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं तंत्र गवंड्यांना शिकवलं गेलं. तरी अनेकांनी मदतीच्या पैशात जुनं घर मजबूत करण्याऐवजी नवी खोली बांधली. त्यांना दोष कसा द्यायचा? ज्या भिंतीने घरातली माणसं गिळली, तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवा म्हणणं सोपं नव्हतं.

'आता कुठे राहिली माळवदं, आम्ही आरसीसीत राहतो,' असं कुणी म्हणेल. त्यांनी २००१चं अहमदाबाद आठवावं. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, दोनशेहून जास्त किलोमीटर दूर. तरी अहमदाबादेत आरसीसीच्या इमारती कोसळून शेकडो लोक गेले. त्यांतल्या बहुतेक इमारती खाली पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या, म्हणजे वरचे मजले भिंतींनी भरलेले आणि सगळा धक्का खालच्या उघड्या कॉलमवर. कॉलममधल्या रिंगा लांब लांब, त्यांची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली. कॉलमला धक्का बसला की अशा रिंगा उघडतात आणि काँक्रीट निसटतं. टोकं आतल्या काँक्रीटमध्ये नीट वळवा हे सांगणारं मानक, आयएस १३९२०, तेही १९९३चंच! आठ वर्षं ते कागदावर होतं.

अहमदाबाद तिसऱ्या विभागात येतं. मुंबई आणि पुणेही तिसऱ्याच विभागात येतात.

सध्या आपल्याकडे गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. सोसायटीच्या सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग यावर तासन्‌तास भांडणं होतात, आणि व्हायलाही हवीत. पण त्या यादीत तीन प्रश्न घाला. पार्किंगच्या मजल्यावरचे कॉलम भूकंपाचा जास्तीचा भार धरून डिझाइन केलेत का? डिझाइन दुसऱ्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरने तपासलं का? आणि स्लॅब, कॉलम भरण्याआधी रिंगा कोण मोजणार, त्याचं नाव काय? गावात घरकुल बांधत असाल तर एकच प्रश्न पुरे: दारावरचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरलाय का?

कुमारांपासून आर्यांपर्यंत लोकांनी आयुष्यं घालून उत्तरं शोधून ठेवली आहेत. आपल्याला फक्त बांधकामावर जाऊन ती मागायची आहेत, काँक्रीट पडायच्या आधी.