कॉर्नवॉलिसची वेतनसुधारणा आणि देशी अंमलदार

इ. स. १७८६ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस कलकत्त्यास आला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पगार ही बहुतांशी नाममात्र बाब होती. जुन्या वेतनक्रमात ‘रायटर’ला वर्षाला अवघे ५ पौंड मिळत, बाकीची भर त्याने खाजगी व्यापार व नजराणे यांतून काढावी, हे जणू गृहीतच होते. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने गव्हर्नर-जनरलला सालीना २५,००० पौंड दिले खरे. पण ती सोय शिखरापुरतीच राहिली. बनारसच्या रेसिडेंटाचे अधिकृत वेतन दरमहा हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास होते. त्याची खरी प्राप्ती सालीना चार लाखांच्या घरात असावी, असे कॉर्नवॉलिसनेच विलायतेस कळविले.

अधिकार मोठा व पगार तुटपुंजा असेल, तर लाच अटळ आहे, हे त्याचे निदान होते. म्हणून त्याने कलेक्टरास दरमहा १,५०० रुपये व वसुलावर सरासरी शेकडा एक कमिशन ठरवून दिले, आणि खाजगी व्यापार बंद केला.

ही हकीकत बहुधा येथेच संपविली जाते. वस्तुतः खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. जे निदान गोऱ्या नोकरास लागू, ते देशी अंमलदारास लागू करण्याचे कॉर्नवॉलिसने नाकारले. त्याच्या लेखी एतद्देशीयांची लाचखोरी हा परिस्थितीचा नव्हे, स्वभावाचा दोष होता. विस्तीर्ण ठाण्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या दारोग्यास दरमहा २५ रुपये मिळत. शिवाय दरोडेखोरावर गुन्हा शाबीत झाल्यास १० रुपये आणि परत मिळविलेल्या मालाच्या किमतीचा दशांश. अशा बक्षिसांनी कोणाला आरोपी करण्याचा मोह वाढणार, हे सांगावयास नको. मुन्सफास तर पगारच नव्हता. दाव्याच्या रकमेवर रुपयामागे एक आणा, एवढीच त्याची प्राप्ती. १७९३ च्या सनदी कायद्यानंतर वरिष्ठ जागा करारबद्ध युरोपीय नोकरांसाठी राखल्या गेल्या आणि बढतीची आशाही मावळली.

या विसंगतीवर मद्रासेत टॉमस मन्रोने नेमके बोट ठेवले. इंग्रज नोकर प्रामाणिक झाले ते पगार वाढल्यावर. मग देशी नोकरांकडून तुटपुंज्या वेतनात सचोटीची अपेक्षा का करावी, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. मात्र त्याच्या या युक्तिवादास पुढे जे बळ मिळाले, त्यात न्यायबुद्धीइतकाच काटकसरीचाही वाटा होता. १८३१ मध्ये बेंटिंकने प्रिन्सिपल सदर अमीनाचे पद निर्माण केले. कारण एका युरोपीय न्यायाधीशाच्या वेतनात अनेक देशी न्यायाधीश नेमता येत होते. दारोग्याच्या पगाराचा प्रश्न १८३८ च्या पोलीस समितीपुढेही उभाच होता.