यंत्राचे आयुष्य कोण ठरविते?

दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून खेळावयाच्या यंत्रांचे आयुष्य एके काळी जवळजवळ ठरलेले असे. एक यंत्र घ्यावे, पाचसात वर्षे तेच वापरावे आणि नवी पिढी बाजारात आली म्हणजे जुने माळ्यावर टाकावे. सोनी कंपनीने २०१३ च्या नोव्हेंबरात ‘प्लेस्टेशन ४’ विक्रीस काढले आणि तीनच वर्षांनी त्याच पिढीचे अधिक बलवान यंत्र ‘प्रो’ या नावाने पुढे केले. मायक्रोसॉफ्टनेही २०१७ मध्ये तोच मार्ग धरला. ज्यांनी नुकतेच पैसे मोजले होते त्यांच्या मनातील प्रश्न साधा होता: यंत्र मोडलेले नसता ते जुने कसे झाले? हा प्रश्न मात्र या शतकाचा नव्हे. सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी असलेल्या हजीऱ्याच्या किनाऱ्यावर ज्या जहाजांनी नांगर टाकले, त्यांच्याविषयीही तो विचारता आला असता.

सुरत हे मोगलांचे मोठे बंदर खरे. पण नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आडवे येत आणि मोठी जहाजे शहरापर्यंत पोहोचत नसत. म्हणून युरोपीय व्यापारी हजीऱ्याच्या उत्तरेस, सुवालीच्या खोल पाण्यात थांबत. टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने १६१२ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांशी झुंज दिली ती येथेच. सुरत म्हटली की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्या संपत्तीचा समुद्राकडील दरवाजा हा होता.

या दरवाजातून ये-जा करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीने पुढे स्वतःची जहाजे बाळगण्याऐवजी ती लंडनच्या मालकांकडून भाड्याने घेण्याचा प्रघात पाडला. अठराव्या शतकात अशा जहाजाने पूर्वेकडील साधारण चार सफरी केल्या की त्याची सेवा संपली, असे मानीत. ओकच्या लाकडाला उष्ण समुद्रातील किडे पोखरीत, त्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजत, हे खरेच. तथापि सारा दोष किड्यांच्या माथी मारून भागणार नाही. जुन्या जहाजाच्या जागी नवे देण्याचा हक्क त्याच मालकाकडे राही; तो वारशाने जाई, विकलाही जाई. आपल्याकडील वतनच म्हणा ना! जहाज बदलले तरी जागा कायम. अशा मालकाला जहाज अधिक वर्षे टिकविण्याची निकड कोठून वाटणार? चढ्या भाड्याचा भार शेवटी मालाच्या किमतीवर पडे. शतक संपता संपता ही प्रथा मोडण्यात आली.

मधल्या काळात आयुष्य वाढविण्याचा एक उपायही निघाला होता. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडे दूर राहिले. पण तांब्याच्या सान्निध्याने लोखंडी खिळेच झिजून गेले. नवा भाग चांगला होता, जुना सांगाडाही चांगला होता. दोघांचे जमत नव्हते एवढेच. पुढे खिळेही तांबेमिश्रित धातूचे करण्यात आले, पत्रा सर्वत्र रूढ झाला आणि कंपनीच्या जहाजांच्या सफरींची मर्यादा चारावरून सहापर्यंत गेली.

पण खरे दीर्घायुष्य सुरतेच्या कारागिरांच्या हाती होते. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा जहाजबांधणारा १७३६ मध्ये मुंबईस आला. त्याच्या वंशजांनी तेथे सागवानाचे जे ‘कॉर्नवॉलिस’ जहाज १८१३ मध्ये पाण्यात सोडले, त्याचे चरित्र एखाद्या पुरुषाच्या चरित्रासारखे वाचावे. १८४२ मध्ये चीनशी झालेला नानकिंगचा तह त्याच्याच डेकवर झाला. १८५५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याच्या पोटात वाफेचे इंजिन बसविण्यात आले आणि शिडांच्या जोडीला पंखा आला. १८६५ पासून ते इंग्लंडमधील शीअरनेस येथे धक्का म्हणून उभे राहिले आणि १९५७ मध्ये मोडले गेले. मुंबईतच १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. अशी हिंदी जहाजे थेम्स नदीत येऊ लागली तेव्हा लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी काय केले? स्वागत नव्हे, त्यांना मज्जाव व्हावा म्हणून ओरड.

खेळयंत्रांच्या इतिहासात ‘अलार्म’ही सापडते आणि ‘कॉर्नवॉलिस’ही. सेगा कंपनीने १९९४ च्या नोव्हेंबरात आपल्या जुन्या यंत्रावर बसवावयाचे ‘३२एक्स’ हे जोडयंत्र अमेरिकेत विकावयास काढले आणि त्याच महिन्यात जपानमध्ये ‘सॅटर्न’ हे अगदी नवे यंत्रही आणले. जोडयंत्रासाठी जेमतेम चाळीस खेळ निघाले, घेणारे फसले. उलट २००० साली आलेले ‘प्लेस्टेशन २’ बारा वर्षांहून अधिक काळ तयार होत राहिले. २०१६ च्या ‘प्रो’ला एका बाबतीत न्याय द्यावयास हवा: तेच खेळ जुन्या यंत्रावरही चालले पाहिजेत, हा दंडक सोनीने ठेवला होता. चित्र थोडे कमी सुबक दिसे, पण जुन्या गिऱ्हाइकाचे दार बंद झाले नाही. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळावयाच्या ‘३डीएस’ यंत्राची सुधारलेली आवृत्ती २०१४ मध्ये निघाली, तेव्हा मात्र काही खेळ फक्त नव्यावरच चालू लागले.

‘प्लेस्टेशन ५’ची ‘प्रो’ आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात, मूळ यंत्रानंतर चार वर्षांनी, बाजारात आली. अमेरिकेत तिची किंमत सातशे डॉलरला एक सेंट कमी होती, आणि तीत तबकडी चालविण्याचा भागच नव्हता. ज्यांच्या कपाटात जुन्या खेळांच्या तबकड्या होत्या, त्यांना तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागला.