भुसावळचा रिकी हेपोलेट

भुसावळ म्हटलं की काय आठवतं? केळी, नाहीतर रात्री-अपरात्री डुलकी मोडणारं ते जंक्शन. त्या यादीत आज एक फुटबॉलर टाकूया. रिकी हेपोलेट, जन्म ८ एप्रिल १९४९, गाव भुसावळ.

आडनाव ऐकून गोंधळू नका. कुटुंब अँग्लो-इंडियन. आपल्याकडच्या रेल्वेच्या गावांत तेव्हा अँग्लो-इंडियन वस्ती मोठी असायची, आणि स्वातंत्र्यानंतर त्यातली बरीच कुटुंबं बोटीत बसून इंग्लंडला गेली. हेपोलेटही गेले. पोरगा तिकडेच वाढला आणि प्रेस्टन नॉर्थ एंडकडून मिडफिल्डला खेळायला लागला.

प्रेस्टन म्हणजे ऐतिहासिक घराणं बरं का. इंग्लिश लीगचा पहिलावहिला सीझन, १८८८-८९, त्यांनी एकही मॅच न हरता जिंकला होता. पण वाडा मोठा असला तरी वासे फिरतातच. १९७० मध्ये हा क्लब इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला.

पुढचं वर्ष मात्र भुसावळच्या पोराचं. मे १९७१, लंडनमधलं क्रेव्हन कॉटेज, समोर फुलहॅम, आणि टेबलात वर तेच. हेपोलेटच्या हेडरवर प्रेस्टन १-० जिंकलं. सीझन संपला तेव्हा प्रेस्टनचे ६१ पॉइंट, फुलहॅमचे ६०. तेव्हा जिंकण्याला दोनच पॉइंट मिळायचे, म्हणजे तो एक गोल गेला नसता तर ट्रॉफी फुलहॅमकडे.

अशा गोलनंतर आपल्याला वाटतं, आता हा स्टार होणार. नाही झाला. १९७२ ला तो लंडनच्या ओरिएंटकडे गेला. तिथे १९७४ मध्ये पहिल्या डिव्हिजनचं दार अगदी उघडत आलं होतं. त्याच सीझनपासून दोनऐवजी तीन संघ वर जाणार होते. शेवटची मॅच ॲस्टन व्हिलाशी, घरच्या मैदानावर, जिंकलं की वर. मॅच सुटली १-१. कार्लाइल वर गेलं, ओरिएंट एका पॉइंटने राहिलं. मला विचाराल तर हरण्यापेक्षा ही बरोबरी जास्त लागते.

पुढे क्रिस्टल पॅलेस, चेस्टरफील्ड, पीटरबरो. आठवड्याला २० पौंडांची पगाराची कमाल मर्यादा १९६१ मध्येच उठली होती, पण खरा पैसा वरच्या थराला. खालच्या डिव्हिजनमधला खेळाडू करार संपला की बॅग उचलायचा, नव्या गावात घर शोधायचा. हेपोलेट दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डिव्हिजनमध्ये मिळून तीनशेहून जास्त लीग मॅचेस खेळला. पहिल्यात एकही नाही.

आता मला खटकतं ते सांगतो. इंग्लंडमध्ये आजही विचारतात, दक्षिण आशियाई वंशाचे फुटबॉलर इतके कमी का? कारणं शोधतात, कधी खाण्यावर घसरतात, कधी शरीरयष्टीवर. आणि साठ-सत्तरच्या दशकात भारतात जन्मलेला हा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्याच चिखलात खेळत होता! नाव इंग्रजी वळणाचं, म्हणून तिकडे तो आशियाई म्हणून चटकन मोजला जात नाही. आणि आपण? भारतीय फुटबॉलच्या गप्पांत तुम्ही हे नाव शेवटचं कधी ऐकलंत?

भुसावळचं कुणी ऐकत असेल तर हा एपिसोड आधी घरच्या ग्रुपवर टाका. बाकीचे, भेटू पुढच्या आठवड्यात.